हमीदाचा डबा

"रिकामं भांडं परत देऊ नये गो," असं म्हणत ती माझं पातेलं माझ्या हातात द्यायची, आणि आत काहीतरी असायचंच. एखादं लिंबू, दोन-चार कोकमं, काहीच नसलं तर कढीपत्त्याची काडी. मुरुडला माझं चार खोल्यांचं लॉज आहे, खाली खानावळ. त्यामुळे मासळी रोज लागते आणि मासळी देणारी ही मावशीही रोज दारात. भावावरून आमची रोज जुंपायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "मावशी, लिंबं देऊ नकोस, त्यापेक्षा भाव उतरव."

"भाव धंद्याचा," ती म्हणाली, "लिंबू शेजाराचं." आणि भाव काही उतरवला नाही.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. ठेंगणी, रुंद खांद्यांची, चालताना मान जराही न हलवणारी, कारण जन्मभर त्या मानेवर टोपली. तोंडाने तिखट. मुंबईचे पाहुणे तिच्या टोपलीत बोट घालून विचारायचे, "ताजी आहे ना?" ती शांतपणे सांगायची, "व्हय, आताच मना नाव सांगत व्हती." पाहुणे खजील व्हायचे आणि मुकाट्याने घ्यायचे. मला तिचा हा उद्धटपणा फार आवडायचा, पण तसं मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाव चढला असता.

तिची एकच मैत्रीण, हमीदा. कोळीवाडा संपतो आणि मुसलमानांची आळी सुरू होते, तिथे दोघींची माहेरची घरं समोरासमोर. एकाच शाळेत गेल्या आणि एकाच वर्षी शाळेतून काढल्या गेल्या. दोघींची लग्नंही गावातच झाली, समोरासमोरच्या घरांत. अशा नशिबाला काय म्हणायचं? त्यांच्यामध्ये एक स्टीलचा डबा फिरायचा. मूळ कोणी दिला ते दोघींनाही आठवत नव्हतं. नारळी पुनवेला मावशीकडून करंज्या भरून जायचा, ईदेला हमीदाकडून शीरखुर्मा भरून यायचा. एरवी जवळ्याची चटणी, सांदणं, जे असेल ते. ज्या घरी डबा, त्या घराची तो भरून नेण्याची बारी. मुलांच्या हाती पाठवायचा नाही, आपण जाऊन द्यायचा, हाही नियम. त्यावरून दोघी एकमेकींना टोमणे मारायच्या. "डबा गिळलास काय गो?" ही हाक मी माझ्या गच्चीवरून कितीदा ऐकली आहे.

मग हमीदाचा नवरा गेला. मुलगा मस्कतला नोकरीला होता, तो आला आणि आईला घेऊन गेला. महिनाभरासाठी म्हणून नेली, पण तिथे तिचं हृदय कमजोर निघालं आणि परतीचं सगळं बारगळलं. निघायच्या दिवशी सकाळी ती घाईघाईत सांदणं भरून डबा देऊन गेली होती. तो मावशीच्या फळीवर राहिला. समोरच्या दाराला कुलूप.

मावशी तो डबा रोज पुसायची, वापरायची मात्र नाही. "घशात काटा बसल्यावानी झालंय," मला म्हणाली. दर शुक्रवारी मावशीची सून फोनवर हमीदाचा चेहरा दाखवायची. सुरुवातीला दोघी भांडायच्या, हसायच्या. मग हमीदा नुसती बघत राहू लागली. तिच्या मुलाने सांगितलं, अम्मी जेवत नाही, उठत नाही, डॉक्टर म्हणतात शरीरापेक्षा मनानेच सोडून दिलंय. त्या दिवशी मावशी मासळीची टोपली न घेता माझ्याकडे आली.

"मना पासपोर्ट काढून दे."

मी हसले. मावशीचा मुलगा चिडला. म्हणाला, डबा कुरियरने पाठवू. ती म्हणाली, "कुरियरनं डबा जाईल. मी कशी जाऊ?" जी बाई कधी पनवेलच्या पुढे एकटी गेली नव्हती, ती मस्कतला निघाली. हमीदा मरायच्या आधी तिला भेटायचंच, आणि बारी आपली असताना ती मेली तर तोंड कुठे दाखवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

मुंबईची लाँच सुटते त्या मांडव्यापर्यंत मी सोबत गेले. तिचा भाचा मुंबईला उतरवून घेणार होता. घरची होडी असून ती बाई कधी होडीत बसली नव्हती, समुद्रावर जायचं ते पुरुषांनी. जेट्टीवर उभी राहून म्हणाली, "कोळ्याची बाय मी, आन पयल्यांदा पान्यावर जातेय ती तिकीट काढून." हसली, पण माझा हात सोडेना. डबा पदराखाली कडेवर धरलेला.

पुढचं तिने आल्यावर सांगितलं. विमानतळावर तपासणीच्या मुलीने विचारलं, "डबा कोणाचा?" हिने सांगितलं, "जिचा हाय तिलाच द्याया नेतेय." मुलगी मराठी निघाली म्हणून निभावलं. विमानात हवाई सुंदरीने खुणेने सांगितलं, डबा पुढच्या सीटखाली ठेवा. हिने मानेनेच नाही म्हटलं. पायाशी अन्न ठेवायचं? ती सुंदरी ऐकेना आणि ही ठेवेना. शेवटी शेजारी बसलेल्या, मस्कतला कामाला निघालेल्या गवंड्याने डबा वरच्या कप्प्यात ठेवून दिला. "डोक्यावर चालतंय," मावशी म्हणाली. "जल्मभर डोक्यावरच तर वाह्यलं." मग तिने डोळे मिटले ते मस्कत येईपर्यंत उघडले नाहीत. भीती वाटली का, असं मी विचारलं. "लय," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

हमीदाचं घर सातव्या मजल्यावर. खिडक्या बंद, थंड हवेचं यंत्र घुमतंय, आणि पलंगावर हमीदा, निम्मी झालेली. मावशीने डबा तिच्या मांडीवर ठेवला. हमीदाने झाकण काढलं. जवळ्याच्या चटणीचा वास त्या बंद खोलीत भरला. तिने चिमूटभर चटणी तोंडात टाकली. मग म्हणाली, "मीठ जास्त हाय." मावशी हे सांगताना रडली आणि मग माझ्यावरच खेकसली, की बघतेस काय.

महिनाभर राहिली. हमीदाच्या सुनेच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. एक दिवस हमीदाला चाकाच्या खुर्चीत बसवून तिथल्या मासळीबाजारात नेलं. सुरमईच्या कल्ल्यात बोट घालून मावशीने आपल्या भाषेत भाव पाडायला सुरुवात केली. विकणाऱ्या ओमानी म्हाताऱ्याला हिंदी येत होतं, तो हिंदीत उलटून भांडला. दोघेही हटेनात. हमीदा खुर्चीत हसून हसून खोकू लागली, आणि तिचा मुलगा घाबरून गेला. त्या रात्री ती दोन घास जास्त जेवली, असं मावशी मला तीन-तीनदा सांगायची.

निघायच्या दिवशी हमीदाने डबा खजुराने भरला आणि पुढे केला. मावशीने हात मागे घेतले.

"इथं न्हाय घेनार. माझ्या दारात आन."

हमीदा दुखावली. मुलगा म्हणाला, "खाला, अम्मीला जिना उतरवत नाही, तुम्ही काय बोलता?" मावशी म्हणाली, "म्हनूनच बोलतेय." आणि डबा तिच्या उशाशी ठेवून निघून आली. मला हे ऐकून राग आला. आजारी बाईला दुखवून रिकाम्या हाताने यायचं? मी तसं म्हटलंसुद्धा. मावशीने अडकित्ता उचलला, सुपारी कातरली. मग म्हणाली, "घेतला असता तर ती झोपली असती गो परत. आता डबा उशाशी हाय. त्याच्याकडं बघंल, मना शिव्या घालंल, आन उठंल."

त्यानंतर ती रोज मासळी मोजून देताना सांगायची, "येतेय ती." आज बसली. आज चालली. आज जिन्यापर्यंत गेली. मी भावाचं बोलत असले तरी ती हमीदाचंच सांगायची. समोरच्या बंद घराची ओटीही तिने सारवून घेतली होती.

आणि मग थंडीत, बांबूंवर बोंबील वाळत घालता घालता, ती खाली बसली. दुपारची वेळ होती. सून पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं सगळं. आम्ही सगळे मस्कतकडे डोळे लावून बसलो होतो आणि मरण आलं ते आमच्या गल्लीत. मला तिचा राग आला. अजूनही येतो कधी कधी. सकाळी दार वाजलं की मी पातेलं घेऊन उठते, दारात दुसरीच कोणीतरी असते, आणि ती भाव लगेच उतरवते.

हमीदाला फोनवर सगळं कळलं होतं. ती शिमग्याच्या आसपास आली. गाडी आळीत थांबली तेव्हा मी गच्चीवर होते, तशीच धावत खाली गेले. मुलाच्या आधाराने ती उतरली. स्वतःच्या घराकडे तिने पाहिलंही नाही. फडक्यात बांधलेला डबा छातीशी धरून, एकेक पाऊल टाकत, मावशीच्या दारात आली. मुलगा डबा धरायला पुढे झाला तर त्याचा हात झटकला.

मावशीच्या सुनेने तिला बसवलं. हमीदाने भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहिला आणि डबा सुनेच्या हातात दिला. आत खजूर होते. सून आत गेली, खजूर काढून घेतले, डबा घासला. रिकामा कसा द्यायचा म्हणून तिने त्यात सासूच्या हातचे, मागे राहिलेले सुके बोंबील भरले आणि बाहेर येऊन हमीदापुढे धरला.

हमीदाने झाकणावर हात ठेवला.  मग डबा हळूच सुनेकडे सरकवला.

"ऱ्हाऊ दे इथंच," ती म्हणाली. "मी आनून दिला. आता घेऊन यायची बारी तिची."

 सुनेने डबा उचलून जुन्या जागी फळीवर ठेवला.

हमीदा आता समोरच्या घरात राहते, मुलगा वर्षातून एकदा येऊन जातो. डबा अजून त्याच फळीवर आहे. मावशीची सून अधूनमधून त्यातला जिन्नस बदलते. रिकामा ठेवत नाही.