तीन नंबरची लाइन

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त लोणच्यात असते, दाराला नाही. मी बी.एस्सी. आहे, आणि अंगात येणाऱ्या बायकांना तोंडावर हसलेली आहे. तेव्हा हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसले असते.

इंदूर, परदेशीपुरा. आमच्या गल्लीसमोरची मिल बंद पडली तेव्हाची गोष्ट. माझे मिस्टर सुधीर तिथे क्लार्क होते. नोकरी गेल्यावर त्यांनी केबलचा धंदा सुरू केला. गच्चीवर डिश आणि खालच्या खोलीत कंट्रोल रूम — म्हणजे एक टेबल, दोन व्हीसीआर, एक ब्लॅक अँड व्हाइट मॉनिटर आणि तीन खटक्यांचा लाकडी बोर्ड. एक आणि दोन नंबर व्हीसीआरचे, तीन नंबर मिलमधल्या कॅमेऱ्याचा. मॉनिटरवर आधी मी बघायचं, मग लाल बटण दाबलं की तेच चित्र शंभरेक घरांत. सुधीर खांबांवर चढायचे आणि गल्लीने काय बघायचं ते मी ठरवायची. थोडा माज होता, खोटं कशाला बोलू!

मिलच्या शेडमध्ये अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीची झांकी, म्हणजे देखाव्याचा रथ, बनायची. मिल बंद झाली तरी कामगारांनी ती सोडली नाही. झांकी बनताना गल्लीला घरबसल्या दिसावी म्हणून आम्ही रस्त्यापलीकडे शेडपर्यंत वायर टाकली होती. कॅमेरा धरायचे माझे सासरे, नाना — साचेखात्यातले, म्हणजे मागांवरचे, जुने जॉबर, मुकादमच. लाइनीतून चित्र यायचं, आवाज नाही. म्हणून आमची खूण ठरलेली. लेन्ससमोर मूठ आली की रोखून धर, पंजा उघडला की सोड. साच्यात सापडून त्यांची करंगळी आखडली होती, मूठ वळली तरी ती बाहेरच राहायची.

एकदा घाईत मी मुठीवरच बटण दाबलं, आणि डोळे न काढलेला गणपती गल्लीभर दिसला. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या हिवाळ्यात नाना गेले. कॅमेरा मी कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

उन्हाळ्यात सुधीर म्हणाले, "शेडमधली वायर फुकट सडतेय, काढून आणतो." चौकीदार ओळखीचा होता. दुपारी जेवून ते गेले. मी एक नंबरवर पिक्चर लावून भाजी निवडत बसले. तीनच्या सुमारास मॉनिटरवर मुंग्या आल्या. मी खटके बघितले. तीन नंबरचा खाली, म्हणजे चालू होता. मी हात लावला नव्हता!

मुंग्या गेल्या आणि शेड दिसली... वरून, नाना माळ्यावर उभे राहून धरायचे तशी. शिडी आडवी पडली होती. सुधीर छताच्या लोखंडी कैचीच्या तुळईवर पोट टेकवून अडकले होते आणि पाय हवेत झाडत होते.

माझा हात बटणाकडे गेला. गल्लीला दिसलं तर चार माणसं धावतील, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात चित्र झाकलं गेलं.

मूठ. करंगळी बाहेर.

नवरा तिथे लटकलाय आणि मी सासऱ्यांच्या मुठीसमोर बोट रोखून बसलेय! किती वेळ ते सांगता येणार नाही. "नाना, सोडा ना," एवढंच मी रडत म्हणत होते.

मग पंजा उघडला.

मी बटण दाबलं. मिनिटभरात शेजारच्या कमलकाकू खिडकीत. "अगं, टीव्हीत सुधीर लटकलाय! ये क्या लगा दिया तूने?"

"काकू, खरं आहे ते! मिलमध्ये! पळा!"

अख्खी गल्ली पळाली. सुधीरना खाली उतरवलं. एक बरगडी मोडली, बाकी धडधाकट.

रात्री दवाखान्यात ते म्हणाले, "शिडी गेली आणि वरचे पत्रे धडाधड पडायला लागले. दाराजवळचा अख्खा भाग आला खाली. ते थांबलं आणि लोक आत आले. आधी आले असते ना, तर चार-पाच जण गेलेच होते."

मी विचारलं, "आणि वायर?"

"ती तर चढल्या-चढल्याच कापली होती. क्यों?"

कॅमेरा कपाटात होता. किल्ली माझ्या कमरेला होती.

पुढे मोठ्या केबलवाल्यांनी आम्हाला गिळलं. देपालपूरच्या एका माणसाने सगळं सामान घ्यायचं ठरवलं. टेम्पो दारात उभा, सुधीर पुढे बसलेले. सामान चालू आहे ना, हे बघायला मी शेवटचं एकदा मॉनिटर लावला. तीन नंबरच्या मागे वायरच नव्हती.

मूठ होती.

मी टेम्पोवाल्याला परत जायला सांगितलं. सुधीर चिडले, "अगं, पागल झालीस का?" त्यांनाही रागाने एकटं जाऊ दिलं नाही, हाताला धरून खाली उतरवलं. देपालपूरच्या रस्त्यावर त्या दिवशी काही झालं नाही. मी दोन दिवस चौकशी करत होते.

बोर्ड अजून त्याच खोलीत आहे. या गोष्टीचा अर्थ ना सुधीरना लावता आला, ना माझ्या बी.एस्सी.ला. रोज दुपारी जेवणं झाली की मी मॉनिटर लावून बघते. मूठ तशीच असते. काय रोखून धरायचं ते नानांनी सांगितलेलं नाही. सुधीर बाहेर निघाले की मी कुठे, कशाला, सगळं विचारून घेते. पंजा अजून उघडलेला नाही.