खजाना विहिरीला मी चांगली म्हटले नाही

बीडला जायचे ठरले ते गंगूसाठी. माझ्या या धाकट्या मुलीला तेथील गणपतरावांच्या घरून, त्यांच्या मुलासाठी, मागणी आली होती. आधीची दोन स्थळे तिने रडून परतवली होती. या वेळी ती रडली नाही. हे स्थळ हातचे जाऊ नये, असे घरात सर्वांचे मत पडले आणि मी मेहुणा धोंडिबा याच्यासह वडवणीहून निघालो.

रस्ता दगडांचा आहे. छकड्यात कडबा जास्त अंथरावा. दशम्या दोन दिवस टिकतात, पण धोंडिबा सोबत असल्यास दुपारपर्यंतच. पहाटे निघून दिवेलागणीस आम्ही बीडात बिंदुसरा नदीच्या काठी उतरलो. पाहुण्याला आधी शहर दाखवायचे आणि त्याने वाहवा केल्यावरच सुपारीचे बोलायचे, ही गणपतरावांच्या घरची रीत धोंडिबाने मला वाटेत बजावून सांगितली होती.

सकाळी कंकालेश्वर पाहिला. चौकोनी कुंडाच्या मधोमध काळ्या दगडाचे देऊळ उभे आहे. ऊन चढण्यापूर्वी जावे.

"मास्तर, असं देऊळ वडवणीत हाय का?" गणपतरावांनी विचारले.

"नाही."

ते पुढच्या शब्दांची वाट पाहत राहिले. मी कुंडाच्या पायऱ्या उतरू लागलो.

तेथून बैलगाडीने खजाना विहिरीवर गेलो. ती गावाबाहेर आहे. शिदोरी बरोबर न्यावी. पायऱ्या उतरून पाण्याजवळ जाता येते. बोगद्यांतून येणारे पाणी खालच्या शेतांना जाते. गणपतरावांचा आवाज येथे चढला.

"दुष्काळ पडू द्या, काई बी होऊ द्या, हे पानी उतरत न्हाई!"

मी म्हणालो, "सध्या मार्गशीर्ष आहे. मार्गशीर्षात सर्वच विहिरींना पाणी असते. वैशाखात पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

धोंडिबाने माझे उपरणे ओढले. "दाजी, पोरीचं लगीन हाय. लई चांगली हाय म्हना की! तुमचं काय जातंय?"

मी म्हटले नाही. परतीच्या वाटेवर गणपतराव बैलांशीच बोलले.

घरी गणपतरावांनी पानाचे तबक दूर सारले. "मास्तर, तुमाला बीडात काईच आवडलं न्हाई. आता पोरीचं सांगा. कशी हाय?"

"रागीट आहे. सकाळी हाका माराव्या लागतात. लिहिते-वाचते. भाकरी पातळ करते." मी थांबलो. "मुलगी चांगली आहे."

धोंडिबाने डोळे मिटले. गणपतरावांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी तबक जवळ ओढले.

"खजान्याला चांगलं म्हनंना हा मानूस," ते आतल्या दाराकडे पाहून ओरडले, "अन् पोरीला म्हनतोय! सुपारी आना रे लवकर!"

वडवणीस परतल्यावर गंगूने पाण्याचा तांब्या पुढे केला. बीड कसे आहे, असे तिने विचारले. देऊळ पाहण्यासारखे आहे, घर स्वच्छ आहे आणि सासरा बोलका आहे, असे मी सांगितले.

"आणि खजान्याचं पाणी? मामा म्हणतो तसं खरंच उतरत नाही?"

"माझ्याने सांगवत नाही," मी म्हणालो. "सासरी गेलीस की वैशाखात पाहा आणि इथे येऊन मला सांग. नीट पाहा. घाई करू नकोस, पण ये."