विजूचं नाक

सौंसरच्या बाजारात विजयाचं फॉल-पिकोचं दुकान आहे, पण गावात तिला लोक ओळखतात ते नाकामुळे. भंडाऱ्याचा स्वयंपाक नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी चाखायचा नसतो, आणि नैवेद्य झाला की लगेच पंगत बसते. मग मीठ बरोबर पडलं की नाही हे कळायचं कसं? लग्न होऊन आमच्या गल्लीत आली त्याच वर्षी विजू मारुतीच्या भंडाऱ्यात आलू-वांग्याच्या भाजीच्या भल्यामोठ्या गंजावर वाकली, डोळे मिटून वाफ घेतली आणि म्हणाली, "अजून दोन मुठी टाका." टाकलं. भाजी अशी जमली, की तेव्हापासून विजू वाकल्याशिवाय गुलाबभाऊ आचारी पंगत बसवत नाही.

मी शाळेत गणित शिकवते. पडताळा घेतल्याशिवाय मी काही मानत नाही, आणि तो मी बरेचदा घेतला. बाई कधी चुकली नाही, याचा मला थोडा रागही यायचा.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती तापाने पडली. बरी झाली, दुकान उघडलं, भंडाऱ्यांना येऊ लागली. पुढच्या वर्षी एकदा वरण बुडाला लागलं. करपल्याचा वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत. विजू नेहमीसारखी वाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "वा! मस्त झालं."

मला तेव्हाच कळलं. तिच्या नाकात काही उरलं नव्हतं, आणि ते गावाला कळेल म्हणून ती घाबरून गेली होती. तोंडावर बोलायची माझी खोड जगजाहीर आहे, पण तेव्हा मी मान खाली घालून कोथिंबीर निवडू लागले. लोक तिला मानाने हाक मारतात ती याच एका गोष्टीसाठी, ती कशी हिसकावून घेऊ? मग मीच एक धंदा सुरू केला. कोथिंबीर निवडायच्या निमित्ताने विजूच्या आधी जाऊन, कोणी बघत नाही असं पाहून, चमचाभर चाखायचं आणि कमी असेल तर मीठ घालायचं. नैवेद्याच्या आधी! पाप लागायचं तर मला लागो, असं मनाशी म्हणून तीन वर्षं काढली.

यंदा आमच्या गल्लीतल्या मीनाची ऋतुजा नागपुरात नोकरीला लागली. पहिल्या पगारात आईला आणि आम्हा दोघी मावश्यांना, म्हणजे विजूला आणि मला, कोरियन जेवण खाऊ घालायचं तिने ठरवलं. सावनेरमार्गे बसने गेलो. हॉटेल इतकं नावाजलेलं, की दारात नाव लिहून तासभर उभं राहावं लागलं. सगळी पोरंपोरी, आणि मध्ये काठापदराच्या साड्या नेसलेल्या आम्ही तिघी.

"काहून वं ऋतुजा, इथं पोळी भेटते का?" मीनाने विचारलं.

"आई, आज पोळीचं नाव नको काढू."

आत बसल्यावर छोट्या छोट्या वाट्यांनी टेबल भरलं. मग एक दगडी भांडं आलं, आतली आमटी अजून उकळत होती. आंबवलेल्या सोयाबीनची, ऋतुजा म्हणाली. सोयाबीन आमच्या ओळखीचं, आमच्याच शेतांत पिकतं, पण त्याचं असं कोणी काही केलेलं पाहिलं नव्हतं. झाकण उघडताच असा भपकारा आला, की मीनाने पदर नाकाला लावला आणि मी मान फिरवली. पावसाळ्यात वर्गात पोरं ओले मोजे काढतात ना, अगदी तसा.

आणि विजू सवयीप्रमाणे त्या भांड्यावर वाकली. डोळे मिटले. लांब श्वास घेतला.

"वा! काय घमघमाट सुटला," ती म्हणाली. "मीठ बरोबर आहे."

मीना खो खो हसत सुटली. ऋतुजा मात्र हसली नाही. तिने हळूच विचारलं, "मावशी, तुले वास नाही येत का?"

विजू सरळ झाली. एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मीनाचं हसू थांबलं.

"नाही येत," विजू म्हणाली. "तापापासून नाही येत. उदबत्तीचा नाही, दुधाचा नाही, कायचाच नाही. घरी बी कोणाले सांगतलं नाही मी. हनुमान जयंतीच्या भंडाऱ्याले मी येणार नाही, सांगा त्यायले, गुडघे दुखून राह्यले म्हणून." तिचे डोळे भरून आले. "कोण्या दिवशी चुकेन अन् सारं गाव हसेल."

मग माझ्याने राहवलं नाही. करपलेल्या वरणापासून सगळं सांगून टाकलं. विजू ऐकत राहिली. डोळे पुसले, आणि कपाळाला आठी घातली.

"म्हणजे दिवाळीच्या अन्नकूटाले भाजी खारट झाली, ते तुयामुळं!"

"मायामुळं? मी बरोबर करून ठेवली होती. तू येऊन म्हणली, अजून मूठभर टाका!"

"मले काय मालूम तू टाकून गेली! मी आपलं अंदाजानं म्हणत जाओ."

"अन् नाव माह्यं घेते!"

आजूबाजूची पोरं वळून पाहू लागली. विजू एकदम गंभीर झाली. "रश्मे, म्हणजे तीन वर्षं मारुतीनं तुयं उष्टं खाल्लं."

"त्यानं तक्रार नाही केली."

आता आम्ही चौघीही हसायला लागलो, पोट दुखेपर्यंत. त्या आमटीला हात लावायची हिंमत मीनाला झाली नाही, मला अर्धा चमचा गेला. विजूने ती एकटीने संपवली. आंबवलेल्या तिखट कोबीची किमचीही तीन वेळा मागवली. दाताखाली करकर वाजते आणि जीभ चांगली पोळते, म्हणाली. फार दिवसांनी खाल्ल्यासारखं खाल्लं, असंही म्हणाली, आणि ते ऐकून मला माझ्या हुशारीची लाज वाटली. तीन वर्षं मी तिचं नाव सांभाळत बसले, आणि तिला जेवताना काय होतं ते एकदाही विचारलं नाही.

हनुमान जयंतीला तिला मी घरून ओढूनच आणलं. गुलाबभाऊने हाक मारली, "वहिनी, या." विजू गंजापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. भोवती भाज्या चिरणाऱ्या बाया, भात उपसणारी माणसं.

"गुलाबभाऊ, मले वास येत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "चार वर्षं झाले. मी खोटं बोलत होती."

गुलाबभाऊने झारा खाली ठेवला नाही. "मालूम आहे ना. करपल्या वरणाले तुमी वा म्हणलं, तवाच समजलं. अन् या मॅडम कोथिंबिरीच्या आडून चमचा मारतात, ते बी मालूम आहे."

मी जमिनीकडे पाहिलं.

"मग बोलावता कायले मले?" विजूने विचारलं.

"पस्तीस वर्षं सैपाक करून राह्यलो, वहिनी. मीठ मले समजते," तो म्हणाला. "पण तुमी वाकून पाह्यल्याशिवाय सैपाक झाला असं वाटत नाही." त्याने झाकण काढलं.

विजू वाकली. डोळे मिटले, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"काही येते का वं?" मी हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "वाफ लागते तोंडाले. गरम गरम." मग चेहरा पदराने पुसत ती सरळ झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दाखवा निवद. बसवा पंगत."