कापडी रणगाडे

तंबूंच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशिनवर बसणाऱ्या ताईला आम्ही शंकासुर म्हणायचो. सख्ख्या बहिणीनं दिलेल्या दुधातही ती बोट बुडवून पाणी शोधायची. नवरा लवकर गेला, दिरानं गोड बोलून घर लाटलं. तेव्हापासून ताकही फुंकून प्यायची सवय लागली ती लागलीच. विश्वास एकाच माणसावर, मुलावर. आणि तो युद्धाच्या आघाडीवर.

त्या वर्षी तंबू थांबले आणि आम्हाला रणगाडे शिवायला बसवलं. कापडी! आत लाकडी सांगाडा, वर हिरवं मेणकापड. लांबून बघणाऱ्याला लोखंड वाटावं. दोराही खास, मेण चढवलेला, कारखान्याबाहेर कुठेच न मिळणारा. अवाक्षर बाहेर काढलं तर फाशी, असं बजावलेलं. घरी आम्ही 'तंबूच शिवतोय' म्हणायचो.

मग मुलगा एका दुपारपुरता आला. ताईनं मलाही जेवायला बोलावलं होतं. स्वारी खुशीत होती.

"आई, आता काळजी सोड. आमच्या मागे रणगाड्यांच्या रांगाच रांगा आहेत. मोठी चढाई आमच्याकडूनच होणार बघ!"

"जवळून पाहिलेस?"

"जवळ फिरकू देत नाहीत गं."

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली असणार, कारण वाढता वाढता ती थांबली. त्याची बाही फाटलेली होती आणि त्यानंच ती वेडीवाकडी शिवली होती. तिनं बाही धरली.

"हा दोरा कुठला?"

"रणगाड्यांवरच्या पहारेकऱ्यानं दिला. रिळंच्या रिळं आहेत त्याच्याकडे. काय शिवतो कोण जाणे!"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोरा आमचाच होता. म्हणजे चढाई दुसरीकडूनच होणार, याच्या आघाडीवर नुसती हूल. आणि शत्रूचा मारा झेलायला हा पोरगा. सांगावं तर तो सोबत्यांना सांगितल्याशिवाय राहणार नाही, आणि मग फितूर म्हणून मायलेक दोघंही फासावर.

"त्या रणगाड्यांपासून लांब राहा," एवढंच ती म्हणाली.

"कमाल आहे! तुझा लोखंडावरसुद्धा विश्वास नाही?" तो खदखदून हसला. मला त्या हसण्याचा राग आला, आणि रडूही.

चढाई नदीकडून झाली. शत्रूची निम्मी फौज भलत्याच ठिकाणी अडकून पडली आणि युद्धाचं पारडं फिरलं. कारखान्यात मोठे साहेब आले.

"शत्रूनं सगळा दारूगोळा तुमच्या कापडावर उधळला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शंकासुर उभी राहिली.

"आणि कापडाच्या पुढे कोण होतं, साहेब?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या कार्यक्रमाला निघाले.

काही दिवसांनी एक शिपाई तिच्या दारात आला. मी तिथेच होते. मुलगा गेला म्हणाला, आणि कागदात गुंडाळलेला शर्ट पुढे केला. तिनं हात लावला नाही.

"असे शर्ट हजारांनी निघतात. हा त्याचाच कशावरून? तुमचा काय भरवसा?"

शिपायानं शर्ट उंबरठ्यावर ठेवला. मग तिनंच बाही उलटली, दोरा पाहिला, आणि पुढे काही विचारलं नाही.