मी जाणार हे कोणी ठरवलं?

१२ फेब्रुवारी १९८९, रविवार. सकाळी कपडे धुतले. अकरा वाजता छावणीतल्या आपल्या बायकांच्या मंडळातल्या चौघी सहा रिकाम्या लाकडी पेट्या घेऊन दारात आल्या.

मंडळींनो, हा कागद मंडळाच्या फलकावर लावते आहे, कारण तोंडावर बोलणं मला जमत नाही.

बदली झालेल्या घरी आपण पेट्या पोचवतो, हे मला माहीत आहे. पण माझी बदली झालेली नाही. बसवरच्या गोळीबारात हे गेले, त्याला तीन महिने झाले.

"तीन पोस्टिंग झाली या पेट्यांची, पण कोपरे बघ, अजून पक्के आहेत," कर्नलवहिनी म्हणाल्या.

"मी गावी साताऱ्याला परत जाते असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? आता इथं तुझं काय राहिलंय, बाई?"

मी काही बोलायच्या आत त्या माझी भांडी कागदात गुंडाळायलाही लागल्या!

उत्तर आता लिहिते. मी हॉस्पिटलात पेशंटना पुन्हा चालायला शिकवते. अशाच गोळीबारात सापडलेल्या एका बसचे कंडक्टर सरदारजी काल कुबड्यांशिवाय चार पावलं चालले आणि घामाघूम होऊन म्हणाले, "मॅडमजी, सोमवार को आओगे ना?" मी हो म्हटलं. हाती घेतलेला माणूस अर्ध्यावर सोडायचा नाही, एवढंच मला कळतं. जगायला याहून मोठं कारण सध्या माझ्यापाशी नाही. भीती तर रोज वाटते.

तुमच्यापैकी एकीनेही आधी मला का विचारलं नाही?

आता उद्यासाठी पांढऱ्या कोटाला इस्त्री करते.