महादेवप्पाचा ताप

किल्लारीकडं भूकंपात बायकोबिगर घरचं कोणी उरलं न्हाई, तवा महादेवप्पा सासुरवाडीला, अहमदपूरकडच्या आमच्या गावात राह्यला आला. पाठीला पंप अडकवून लोकांच्या सोयाबीनवर तणनाशक मारायचा. त्याची पारख एकच. गवताचं पान करपलं की औषध लागलं.

मग मानेला गाठी आल्या. लातूरच्या दवाखान्यात क्यान्सर निघाला. डॉक्टर म्हणले, ह्यो औषधाला दाद देणारा हाय, आशा धरा. लेक अंजू लातुरातच डॉक्टरकीच्या परीक्षेची कोचिंग करत व्हती. किमोचं सलाईन चालू असताना ती बापाला समजावून राहिली, "आप्पा, एका पेशीच्या दोन व्हत्यात, दोनाच्या चार. ह्ये औषध त्या फुटतानाच मारतंय. क्यान्सर लई फुटतो, म्हणून मरतो. पण केसाची मुळं, तोंडातलं कातडं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ह्याबी तशाच फुटत्यात. त्याबी मरत्यात. पांढऱ्या पेशी म्हंजी अंगाची राखण. ताप आला की तसंच इकडं यायचं."

"म्हंजी पिकालाबी चटका बसतो म्हण की."

"हाव. पीक सावरावं म्हणून तर मधी खाडा देत्यात."

दुसऱ्या किमोनंतर केस गळले, तोंड सोललं. महादेवप्पा खुश. मागून ताप फणफणला. बायको नागम्मा म्हणली, "जीप सांगू का? पोरीनं बजावलंय."

"येडी का काय तू? करपून राहिलंय आतून. फवारल्यावर पाऊस आला की औषध धुऊन जातं, तसं दवाखान्यात सलाईन लावली तर समदं वाया. अन् पोरीचा पेपर हाय. फोन करू नको."

नागम्माचाबी जलम फवारणी बघण्यातच गेलेला. तिनं अंगावर गोधडी टाकली अन् बसून राह्यली. तिसऱ्या दिवशी महादेवप्पा बरळाया लागला तवा जीप केली.

लातूरला रक्त बघितलं तर पांढऱ्या पेशी जवळपास नव्हत्याच. जंतू रक्तात मोकाट सुटले व्हते. दिवस मावळायच्या आत महादेवप्पा गेला.

आमच्यात माणसाला बसवून पुरत्यात. मान सावरून धरताना नागम्माच्या हाताला गाठी लागल्या न्हाईत. तिनं पुन्हा चाचपून बघितलं.

"गाठी तर जिरल्या गं. मग गेले कशानं?"

"तापानं," अंजू म्हणली.

"पहिल्याच दिवशी आणलं असतं तर?"

अंजूनं आईचा हात बापाच्या मानेवरून काढला. लोकं माती लोटायला थांबली व्हती.