थोरल्याची खुर्ची

गावात सुतार एकच, आणि त्याला सगळे थोरला म्हणत. दारातून आत येताना तो वाकायचा, पण तेवढ्यापुरताच. त्याच्या बापाच्या शब्दावर गावचे तंटे मिटत. आपल्याही शब्दावर मिटावेत, हे थोरल्याचं जुनं स्वप्न. नशिबाचा विषय निघाला की तो म्हणे, कपाळावर लिहिलेलं असेना का, रंधा फिरवला की जातं.

मग समुद्रापलीकडच्या साहेबांचं राज्य आलं. हुकूम निघाला की यापुढे गावाला एकच मुखिया असेल, आणि सुतारानं त्याच्यासाठी खुर्ची करावी. खुर्ची आपल्याला सांगितली, तेव्हा मुखियाही आपणच, असं थोरल्यानं धरून टाकलं.

"अहो, पाळणा करणारा काय पाळण्यात झोपतो?" बायको म्हणाली.

तो नुसता हसला. घराच्या दारासाठी राखून ठेवलेलं लाकूड त्यानं काढलं आणि बैठकीची उंची स्वतःच्या गुडघ्याशी लावून घेतली.

साहेबानं खुर्ची दिली पोपटला.

पोपट म्हणजे थोरल्याचा सावत्र भाऊ. अंगानं किडकिडीत, पण साहेबाची भाषा घडाघडा बोलायचा, म्हणून हे नाव. याच्या हातात पटाशी टिकत नाही, याला पाद्र्याच्या शाळेत घाला, असं बापाला सांगितलं होतं ते थोरल्यानंच. आता सगळ्या गावासमोर पोपट खुर्चीत बसला आणि त्याचे पाय जमिनीला टेकेनात. लोक तोंडावर हात धरून हसले. त्या दिवसभरात थोरल्याला सुख मिळालं ते एवढंच.

दुपारी पोपट खुर्ची डोक्यावर घेऊन स्वतःच कामाच्या पडवीत आला. पाय कापून दे म्हणाला. माप घ्यायला थोरल्याला त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसावं लागलं. तिथेच त्याचं डोकं फिरलं. तीन पाय त्यानं बरोबर कापले. चौथा सूतभर जास्त. साहेबासमोर डुगडुगू दे लेकाचा.

खुर्ची डुगडुगली. पण पोपटला कुणी हसलं नाही. थोरल्याचा हात गेला, असं लोक म्हणू लागले. पाणवठ्यावरून बायको ते ऐकून आली आणि त्याच्यापुढे भाकरी आदळली. शेजारच्या गावातून दाराचं काम येणार होतं, ते आलं नाही. डोळ्यात कुसळ गेल्यासारखी ती खुर्ची त्याला सलू लागली.

शेवटी करवत आणि कानस घेऊन तो पोपटच्या कचेरीत गेला. जमिनीकडे बघत म्हणाला, एक पाय आखूड राहिलाय, बाकीचे तीन त्याच्याबरोबर आणून देतो.

"राहिलाय की राखलायस?" पोपटनं विचारलं.

थोरल्यानं करवत या हातातून त्या हातात घेतली.

"राहू दे, दादा. साहेब समोर असला की मला ही अशीच बरी. डुगडुगली की आठवण राहते, आपल्याला केव्हाही उठवतील."

पोपट पुन्हा कागदांत वाकला. थोरला करवत घेऊन उन्हात आला. त्याच्या मनात आलं, खुर्ची गेली ती गेली. पण हे शहाणपण तरी आपल्याला सुचायला नको होतं का? घरी पोचेपर्यंत तो मनातल्या मनात पोपटला शिव्याच देत होता.